खिदमतीची नोंदवही

(रिठद येथे संस्थेच्या वार्षिक समारंभात, समाजसेवकांच्या सत्काराच्या निमित्ताने केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना काही ठिकाणी थोडी भर घातली आहे.)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'मार्गदर्शन' असा शब्द छापला आहे. तो मोठा शब्द आहे आणि माझ्या अंगाला सैल होतो. मी केवळ एक अडचण तुमच्यापुढे मांडणार आहे. आपल्या समाजात अंजुमन आहेत, बिरादरीच्या जमाती आहेत, मशिदीच्या कमिट्या आहेत, तरुणांची मंडळे आहेत. या सर्वांत पदर मोडून काम करणारी माणसेही आहेत. त्यांचा गौरव करावा असे सर्वांनाच वाटते. मग गौरवाच्या दिवशी व्यासपीठावर येतात ते कोण, आणि मंडपाच्या मागे राहतात ते कोण, हा माझा प्रश्न आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका समारंभाला मी गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण दोष त्या गावाचा नव्हता, तो आपल्या सर्वांच्या सवयीचा आहे. पाच जणांना शाल-श्रीफळ मिळाले. पाचहीजण भले लोक. कोणी खोलीसाठी पत्रे दिले, कोणी सिमेंट दिले, कोणी बोअर मारून दिली. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. कार्यक्रम संपल्यावर एक उतारवयाचा माणूस खुर्च्या गोळा करून एकात एक रचीत होता. माझ्या शेजारचे गृहस्थ सहज म्हणाले, "या चाचांनी गावातल्या निम्म्या कबरी खोदल्या आहेत." मी विचारले, "मग त्यांना वर का बोलावले नाही?" गृहस्थ गोंधळले. म्हणाले, "त्यांनी दिले काय?"

बंधूंनो, हे उत्तर मी विसरू शकलो नाही. त्यांनी काय दिले, याचा हिशेब करून पाहा. आपली वऱ्हाडची काळी जमीन कशी असते हे तुम्हांला सांगायला नको. उन्हाळ्यात ती दगडासारखी होते, टिकाव उलटा उसळतो. पावसाळ्यात कड ढासळते, खड्ड्यात पाणी भरते आणि बादल्यांनी उपसावे लागते. मय्यत काही सवड पाहून होत नाही. ऐन सोयाबीनच्या सोंगणीत, मजुरीच्या चढ्या दिवसांत निरोप येतो आणि हा माणूस विळा ठेवून टिकाव-फावडे उचलतो. त्या दिवसाची मजुरी बुडाली. असे वर्षातून कितीदा होते? वीस वर्षांत किती दिवस झाले? त्या मजुरीची बेरीज केली तर कदाचित सिमेंटच्या देणगीपेक्षा ती जास्त भरेल. पण सिमेंटची पावती फाडली जाते. बुडालेल्या मजुरीची पावती कोणत्याही संस्थेच्या पुस्तकात नाही.

आपल्या संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदविल्या जातात. हिशेब ठेवावा लागतो, तपासनीसाची सही लागते, दरसाल तो धर्मादाय कार्यालयात सादर करावा लागतो. हे योग्यच आहे. परंतु कायदा पैशाचा हिशेब मागतो म्हणून आपणही फक्त पैशाचाच हिशेब ठेवू लागलो. श्रमाचा हिशेब कोणी मागत नाही, म्हणून कोणी ठेवीत नाही. आणि सत्काराची वेळ आली की माणूस साहजिकच पावतीपुस्तक उघडतो. त्यात ज्यांची नावे असतात, त्यांनाच शाल मिळते.

आता मयतीच्या कामातही कबर खोदणे लोकांना दिसते तरी. मय्यतीला गुसल देणारी बाई कोणाला दिसते? आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात अशी एखादी खाला किंवा दादी असते. रात्री दोन वाजता दार ठोठावले तरी ती उठते. लांबच्या आजाराने गेलेल्या बाईच्या देहाला सख्खी सून हात लावायला धजत नाही, तेथे ही पुढे होते. पहाटे घरी परतून स्वतः आंघोळ करते आणि चुलीला लागते. तिला आपण आजवर काय म्हटले? फार झाले तर "अल्लाह तुम्हांला याचा बदला देईल" असे म्हटले. अल्लाह देईलच. पण जे आपण द्यायचे होते तेही आपण त्याच्यावरच सोपवून मोकळे झालो.

येथे माझे काही बुजुर्ग हरकत घेतील, आणि ती हरकत वजनदार आहे. ते म्हणतील, "खिदमत ही अल्लाहसाठी करायची. उजव्या हाताचे डाव्याला कळू नये. तुम्ही शाल घालून त्या माणसाच्या नियतीत दिखावा का मिसळता?" खरे आहे. सूरे बकरामध्ये उघड दिलेल्या दानाला चांगले म्हटले आहे आणि गुपचूप गरिबाला दिलेले त्याहून चांगले म्हटले आहे. उपकार बोलून दाखविणाऱ्याचे दान वाया जाते, असा इशाराही त्याच सूरेत आहे. पण हे सर्व देणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्यासाठी वेगळी शिकवण आहे. लोकांच्या उपकारांची जाणीव ठेवणे हा अल्लाहच्या शुक्राचाच भाग मानला गेला आहे. सेवकाने गप्प राहावे हे त्याचे कर्तव्य. आपण गप्प राहावे हे मात्र आपले कर्तव्य नव्हे. त्याच्या नम्रतेचा फायदा घेऊन आपण आपला आळस झाकतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

हदीसच्या ग्रंथांत एक प्रसंग आहे, तो तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. मदिनेच्या मशिदीत झाडलोट करणारी एक काळी स्त्री होती. काही रिवायतींत तिचे नाव उम्मे मिहजन असे येते. ती वारली. लोकांनी तिला दफन केले, पण पैगंबर साहेबांना (सल्लल्लाहु अलैहि वसल्लम) कळविले नाही. झाडू मारणारी एक बाई, तिच्यासाठी त्यांना कशाला त्रास द्यावा, असे त्यांना वाटले असावे. पुढे पैगंबर साहेबांना ती दिसेना, तेव्हा त्यांनी आपण होऊन तिची चौकशी केली. ती वारल्याचे समजताच, मला का कळविले नाही, असे त्यांनी विचारले. तिची कबर दाखवायला सांगितली, तेथे जाऊन तिच्यासाठी नमाज पढली.

माता-पित्यांनो, या प्रसंगातील एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. ती दिसत नाही हे त्यांच्या लक्षात आले. म्हणजे ती रोज दिसत होती, आणि ते रोज पाहत होते. गौरवाची सुरुवात येथे होते. शाल ही फार पुढची गोष्ट. आपल्या मशिदीची चटई कोण झटकतो, वुजूच्या टाकीत पाणी कोण भरतो, हे आपल्यापैकी किती जणांना नावानिशी सांगता येईल?

न नोंदविण्याने काय होते, याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासातलेच देतो. जोतीराव फुले लहानपणी शाळेतून काढले गेले होते. त्यांना पुन्हा शाळेत घालावे म्हणून त्यांच्या वडिलांचे मन वळविणाऱ्या दोघांपैकी एक शेजारचे गफार बेग मुन्शी होते, दुसरे लिजिटसाहेब. १८४१ मध्ये जोतीराव मिशनच्या शाळेत गेले. पुढे १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली, वडिलांच्या घरातून बाहेर पडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला असे चरित्रकार सांगतात. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात सरकारच्या वतीने मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांना शालजोडी देण्यात आली. तो सत्कार उचितच होता. त्याची तारीख, जागा, देणाऱ्याचे नाव सारे कागदावर आहे.

आणि फातिमा शेख? सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांचा उल्लेख येतो. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी होत्या. आपल्या गैरहजेरीत फातिमावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचे त्या लिहितात. एक सहकारी दुसरीची काळजी करते आहे, इतकाच तो मजकूर आहे. पण त्या दोन ओळी नसत्या तर आज फातिमाबींविषयी बोलायला आपल्या हाती फारच थोडे उरले असते. त्यांचा जन्म केव्हाचा, त्या कोणता वर्ग शिकवीत, शेवटचे दिवस कसे गेले, याचा विश्वासार्ह कागद नाही, म्हणून कोणी काहीही लिहितो आणि कोणी त्या होत्याच की नव्हत्या असाही वाद घालतो. ९ जानेवारी २०२२ रोजी गुगलने त्यांचे चित्र आपल्या पहिल्या पानावर लावले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ते मोठ्या अभिमानाने एकमेकांना पाठविले. मीही पाठविले. पण मनात आले, ज्या समाजाने त्यांचे नाव लिहून ठेवले नाही त्याला हा अभिमान किती शोभतो? आणि त्यांच्याविषयी जे लिहिले गेले, ते कोणी समारंभात नव्हे, बरोबर काम करणाऱ्या बाईने लिहिले. हा मुद्दा मी पुढे पुन्हा घेणार आहे.

दात्याला पुढे आणि राबणाऱ्याला मागे ठेवण्याची खोड केवळ आपली नाही. जगभर पसरलेल्या बंधुत्वाच्या संस्थांतही ती आहे. रोटरी १९०५ मध्ये शिकागोत सुरू झाली, लायन्स १९१७ मध्ये. या दोन्ही संस्थांच्या प्रतिष्ठानांनी आपापल्या संस्थापकांच्या नावे एक मोठा सन्मान ठेवला आहे, पॉल हॅरिस आणि मेल्विन जोन्स यांच्या नावाचा. दोन्हीकडे तो साधारणतः हजार डॉलरच्या देणगीशी जोडलेला आहे. मी त्यांना नावे ठेवीत नाही. रोटरीने १९८५ पासून पोलिओविरुद्ध जो पैसा उभा केला, त्याचा आपल्या लेकरांना फायदा झाला. पण पैशाने लस गावापर्यंत आली. लेकराच्या तोंडापर्यंत ती नेली दारोदार फिरणाऱ्या बायांनी. आपल्या वस्त्यांत त्या काळी काय काय अफवा होत्या हे आज पन्नाशीच्या पुढे असलेल्यांना आठवत असेल. दार लावून घेणाऱ्या घरात शिरून आईला समजावणारी अंगणवाडीताई, जुम्याच्या नमाजानंतर दोन शब्द सांगणारे इमामसाहेब, आपल्याच नातवाला सर्वांदेखत आधी डोस पाजणारी मोहल्ल्यातली म्हातारी, यांनी ते काम केले. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्या म्हातारीचे नाव कोणत्या प्रमाणपत्रावर आहे?

आता जवळचे पाहू. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा वेगळा होईपर्यंत आपण अकोल्याचेच होतो. आजही दवाखान्यासाठी आणि मोठ्या खरेदीसाठी अकोला गाठतो. त्या अकोल्यातील कच्छी मेमन जमात ही एका बिरादरीची संघटना. २०२० साली कोरोनाने माणसे दगावू लागली, तेव्हा या जमातीच्या स्वयंसेवकांनी मयतींची जबाबदारी अंगावर घेतली. त्या वर्षीच्या मे महिन्यात एका वयोवृद्ध हिंदू गृहस्थाचे निधन झाले आणि अंत्यसंस्काराला घरचे पुढे येऊ शकले नाहीत. जमातीच्या तरुणांनी तो देह स्मशानात नेला आणि त्या गृहस्थाच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला. ही बातमी वर्तमानपत्रांत आली, देशभर पोचली.

या घटनेतून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की, बिरादरीची जमात म्हणजे आपल्यापुरती बांधलेली भिंत, असे जे म्हटले जाते ते खरे असायलाच हवे असे नाही. आपल्या माणसांच्या मयतीसाठी जी टोळी तयार झाली होती, जिला देह कसा उचलावा, कोणाला भ्यावे आणि कोणाला भिऊ नये हे ठाऊक होते, तीच टोळी परक्याच्या मदतीला धावली. घरात शिकलेले काम बाहेर उपयोगी पडले. म्हणून सत्कार करताना 'आपल्या समाजाची सेवा' एवढेच माप लावू नका. शेजारच्या आळीत रक्त द्यायला गेलेला पोरगा, पुरात किंवा आगीत कोणाचेही घर असो आधी धावणारा, त्याचेही नाव यादीत आले पाहिजे. आपल्या विदर्भात गुरुदेव सेवा मंडळाची माणसे गावोगाव पहाटे उठून रस्ता झाडतात, तेव्हा कोणाच्या दारापुढचा केर आहे हे विचारीत नाहीत.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. कोरोनाच्या दोन वर्षांत आपल्या खेड्यांतही अनेकांनी अशीच कामे केली. ऑक्सिजनचे सिलिंडर शोधले, वाशिमला रुग्ण पोचविले, बंद घरांच्या दारात भाकरीचा डबा ठेवला. अकोला शहर होते, तेथे वार्ताहर होते, म्हणून ते छापून आले. येथे कोण होते? आज फार वर्षे झाली नाहीत, तरी त्या दिवसांत कोणी काय केले हे सांगताना आपण अडखळतो. आणखी दहा वर्षांनी सांगणारेही उरणार नाहीत.

म्हणून मी संस्थेला सत्कार वाढवा असे सांगत नाही, वही ठेवा असे सांगतो. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, साधी वही. तारीख, काम, ठिकाण, कोणी केले, किती वेळ दिला. राष्ट्रीय सेवा योजनेत आपली कॉलेजची मुले-मुली आहेत, त्यांना ही पद्धत ठाऊक आहे. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी ती योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे शिबिर, त्याची नोंद, मग प्रमाणपत्र. तेथे विद्यार्थ्याने किती पैसे दिले हे विचारत नाहीत, किती तास दिले हे विचारतात. कॉलेजच्या पोरांना जो न्याय लागतो तो आपल्या चाचांना आणि खालांना का लागू नये?

या वहीच्या बाबतीत माझे काही आग्रह आहेत. नाव कोणी स्वतः सुचवू नये आणि कमिटीनेही सुचवू नये. ज्याचे काम झाले त्याने येऊन सांगावे. ज्याच्या घरी मय्यत झाली त्याने सांगावे की कबर कोणी खोदली. ज्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरला गेला तिने सांगावे की उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिच्या बापाबरोबर रिसोडच्या तहसीलला कोण तीन खेपा गेले. अशाने वही खोटी होण्याची भीती कमी, आणि सेवकाच्या तोंडून स्वतःची स्तुती वदवून घेण्याचे पापही लागणार नाही. ज्याला आपले नाव नकोच असेल, त्याचे काम लिहावे आणि नाव कोरे सोडावे. त्याची मर्जी मोडू नये.

स्त्रियांची वही स्त्रियांकडेच द्यावी. मघाशी सावित्रीबाईंच्या पत्राचा मुद्दा पुढे घेईन म्हणालो होतो, तो हाच. बायकांच्या आतल्या खोलीत कोणी काय केले हे पुरुषांच्या कमिटीला कळत नाही. कळले तरी "घरचेच काम" म्हणून सोडून दिले जाते. दुपारच्या वेळी चार पोरींना कुरआन आणि त्याबरोबर बाराखडीही शिकविणारी बाजी फी घेत नाही, म्हणून ती शिक्षिका नाही असे आपण ठरवून टाकले आहे. नववीतली एखादी हुशार मुलगी आठवड्यातून एकदा मोहल्ल्यात फिरली तर महिनाभरात पाने भरतील.

आणि द्यायचे काय? शाल द्या, मी शालीच्या विरुद्ध नाही. ज्याला आयुष्यात कोणी शाल घातली नाही, त्याला तिचे मोल आपल्यापेक्षा जास्त असते. तो ती पेटीत जपून ठेवतो. पण शालीबरोबर कामाची वस्तूही द्या. कबर खोदणाऱ्याला पोलादी टिकाव, गमबूट, पावसाळ्यासाठी ताडपत्री. गुसल देणाऱ्या खालांना हातमोजे, आणि वर्षातून एकदा तपासणीसाठी दवाखान्यात नेण्याची जबाबदारी. त्यांच्या लेकराची फी माफ करायची असेल तर ती गाजावाजा न करता करा, येथे मात्र गुप्त दानच बरे. आणि हे सारे माणूस चालता-बोलता असताना करा. शोकसभेत भाषणे चांगली होतात, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो, मी अशी अनेक केली आहेत. ऐकायचे तोच तेवढा नसतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला थोडी ताकीदही देतो. वही सुरू झाली की तुमच्यातले काही चलाख प्रमाणपत्रासाठी कामे शोधू लागतील. कॉलेजच्या प्रवेशाला, नोकरीच्या अर्जाला तो कागद लावता येईल हे तुमच्या लक्षात आलेच असेल. हरकत नाही. मी त्याने रागावत नाही. लोभाने का होईना, एकदा म्हाताऱ्या शेजाऱ्याचे पेन्शनचे काम करून आलात की दुसऱ्या वेळी त्याच्या दारावरून मुकाट्याने जाणे तुम्हांला जमणार नाही. फक्त न केलेल्या कामाचे तास लिहू नका. वहीत एक खोटी ओळ शिरली की खऱ्या शंभर ओळींकडे लोक संशयाने पाहू लागतात.

सदरसाहेबांच्या परवानगीने एक सांगतो. आजच्या सत्काराची यादी मी पाहिली आहे. तीत देणगीदार आहेत आणि त्यांचा सन्मान मी मनापासून करणार आहे, कारण ही इमारत त्यांच्यामुळे उभी आहे. पण येथे येताना मी एक कोरी वही विकत घेऊन आलो आहे. ती येथे टेबलावर ठेवतो. मंडपाच्या मागे ज्यांनी सकाळपासून डेगीखाली लाकडे सारली, त्यांची नावे मला ठाऊक नाहीत. दहावीच्या वर्गातील दोन मुलांनी आणि दोन मुलींनी जेवणापूर्वी तिकडे जावे, नावे विचारावी आणि आजची तारीख घालून पहिल्या पानावर लिहावी. अक्षर चांगले काढा. खुदा हाफिज.